तीन श्वासांचा उशीर

वर्तमानात राहायचं, असं मी दोन हजार सतराच्या डिसेंबरात ठरवलं. त्याआधी कुठे राहत होतो म्हणाल, तर उधव्याला, शाळेत क्लार्क म्हणून. बायको मयूरी बँकेत. बढती मिळून लातूरला गेली त्याला चौदा महिने झाले होते. रोज संध्याकाळी सातला तिचा फोन यायचा. दिवसभर मी त्याचीच वाट बघायचो, आणि तो आला की कॉम्प्युटरवर ऑनलाइन माहिती भरत बसायचो. (सर्व्हरही नेमका सातलाच सुरू व्हायचा.) एकदा ती म्हणाली, मला ताप आहे. मी म्हणालो, "सबमिट झालं."

त्यावर तिने चार दिवस फोन केला नाही. ते चार दिवस मला फार जड गेले. शेवटी आमच्या शाळेतल्या निर्मला मॅडमनी माझ्या मोबाइलवर ध्यानाचं ॲप टाकून दिलं. त्यातली बाई अतिशय सावकाश बोलायची. काम करताना फक्त या क्षणात राहा. कोणी काही विचारलं, तर आधी तीन श्वास घ्या, मनात काय उमटतंय ते बघा, मगच उत्तर द्या. मी मनापासून सुरुवात केली. पहिल्याच दिवशी पाचवीतल्या चिमणच्या जन्मतारखेच्या रकान्यात त्या दिवसाची तारीख भरली.

आता इथली एक अडचण सांगतो. उधवा गुजरातच्या वेशीवर. जरा खिडकीकडे सरकलं की मोबाइल पलीकडचा टॉवर पकडतो आणि बोलणं तुटतं. म्हणून समोरचा बोलत असताना आम्ही सारखं 'हं, हं' करत राहतो. हं थांबलं, की लाइन गेली असं समजायचं.

गुरुवारी सातला फोन आला. मी कॉम्प्युटर बंद केला, बाकावर मांडी घातली, डोळे मिटले.

मयूरी म्हणाली, "इथे आणखी एक वर्ष राहायचं की घराजवळ बदली मागायची, उद्या अकरापर्यंत सांगायचंय. काय करू?"

'ये' एवढंच मला म्हणायचं होतं. चौदा महिने ते म्हणायचं राहून गेलं होतं. पण श्वास तीन होते. (नियम म्हणजे नियम.) पहिल्या श्वासात मनात तीच उमटली. दुसऱ्यात ती "हॅलो, हॅलो" करत होती.

"गेली वाटतं रेंज," ती स्वतःशीच म्हणाली. फोन मात्र ठेवला नाही. मी नाहीच असं समजून बोलत राहिली. "आज बाजारात चिकू दिसले. वास घेतला आणि परत ठेवले. आपल्या वाडीत खाली पडलेले उचलायला मी वाकायचे नाही, आणि इथे विकत घ्यायचे? यांनी एकदा 'ये' म्हटलं असतं, तर काय बिघडलं असतं?"

तिसरा श्वास अर्धवट टाकून मी "ये" म्हणालो. तोवर खरोखरच लाइन गेली होती. मोबाइलवर गुजरातने माझं स्वागत केलं.

मग मोटारसायकल काढली. तलासरीच्या रस्त्याला दर दोन किलोमीटरला थांबून फोन लावत गेलो. भर बाजारात, भाजीवाल्या हिराबाईच्या टोपल्यांपाशी, तो एकदाचा लागला.

"मी सगळं ऐकलं," मी म्हणालो. "तेव्हा लाइन गेली नव्हती. मी ध्यान करत होतो."

तेव्हा तिने सांगितलं की लातूरलाच राहते, असं तिने दुपारीच लिहून दिलं होतं. माझं उत्तर, म्हणजे नुसतं 'हं', तिला चौदा महिन्यांपासून पाठ होतं. संध्याकाळी आपलं एकदा विचारून बघितलं.

"कागद सकाळी परत मागता येईल," ती म्हणाली. "पण तुम्ही तोंडाने म्हणा. मला ऐकायचंय."

हिराबाई वांगी तोलायची थांबली होती. तिची गिऱ्हाइकंही माझ्याकडेच बघत होती. मी डोळे मिटले आणि छाती भरून श्वास घेतला.

"श्वास नंतर घ्या हो," लातूरहून आवाज आला, "आधी बोला."