लोर्नाने उलट वाढवलं

बायकोला, लोर्नाला, शनिवारच्या पोकरला न्यायचं, हे व्हर्लिन स्ट्राउडने ठरवलं ते रागाच्या भरात. (त्याचे बहुतेक निर्णय याच भरात होत. लग्नसुद्धा; फक्त तो राग तिच्या वडिलांवरचा होता.) झालं एवढंच, की शुक्रवारी भांडी पुसता पुसता तिने सहज विचारलं, "अकरा वर्षं जातोयस तिथे. एकदा तरी जिंकून का येत नाहीस रे?"

"कारण तिथे गाढवं खेळतात!" व्हर्लिन कडाडला. "चांगली पानं कशाशी खातात ते त्यांना ठाऊक नाही. कळणाऱ्या माणसापुढे मी कधी हरणार नाही!"

"मग कळणारं कुणीतरी घेऊन जा."

"तूच चल! दाखवतोच तुला!"

लबकच्या वाहन-नोंदणी कचेरीत व्हर्लिन चार नंबरच्या खिडकीत बसे. आठवडाभर अख्खं टेक्सास त्याच्यावर ओरडून जाई आणि त्याला 'हो मॅडम, नाही सर' करावं लागे. शनिवारी दुपारी ओटिस बेकविथच्या गॅरेजात मात्र तो पंडित असे. हरे, पण पंडितासारखा हरे.

त्या रात्री स्वयंपाकघरातल्या टेबलावर त्याने बायकोची शिकवणी घेतली. "दोन पानं उपडी मिळतात, मग मधे सगळ्यांसाठी पाच उघडतात. जोडी भारी असली की आपण बोली वाढवायची. आणि नीट ऐक, आपल्या बोलीवर कुणी उलट वाढवलं, तर समजायचं त्याच्याकडे एक्क्यांची जोडी आहे. दोन-चार डॉलरच्या डावात लोक थापा मारत नाहीत. त्याला छाती लागते."

"म्हणजे उलट वाढवलं की समोरचा पानं टाकून देतो?"

"शहाणा असला तर टाकतो."

"बरं," लोर्ना म्हणाली आणि बटाटे सोलायला लागली.

शनिवारी ऊन असं होतं, की व्हर्लिनने पिकअपचं नाक गॅरेजच्या उघड्या दाराखाली सावलीत घातलं. आत ओटिस आणि रेबर्न नावाचा प्लंबर बसले होते. दोघांनी उठून लोर्नाला खुर्ची दिली. (व्हर्लिनला अकरा वर्षांत कुणी खुर्ची दिली नव्हती. त्याच्या वाट्याला बिअरची शीतपेटी असे.)

चौथ्याच डावात व्हर्लिनला राजांची जोडी आली. त्याने खाकरून दोन डॉलरची बोली केली. ओटिसने पानं टाकली, रेबर्ननेही टाकली. लोर्नाने आपली पानं पाहिली, चष्मा पुसला आणि आठ डॉलरच्या चकत्या पुढे सरकवल्या.

"लोर्ना," व्हर्लिन दबक्या आवाजात म्हणाला, "रंग चुकलीस का? निळी चकती एकाची, लाल पाचाची."

"माहीत आहे मला."

"तरी आठ?"

"आठ."

व्हर्लिन शीतपेटीवर ताठ झाला. हाच तो क्षण. पंडिताची विद्या जगाला दिसायची ती इथेच. त्याने दोन्ही राजे उताणे केले. "बघा रे! राजे टाकायला काळीज लागतं. पण बाईसाहेबांनी उलट वाढवलंय. म्हणजे एक्के. दाखव, लोर्ना. घाबरू नकोस, दाखव त्यांना."

लोर्नाने दाखवली. बदामची सत्ती आणि किलवरची दुर्री.

रेबर्न हसता हसता टेबलाखाली गेला. ओटिसने डोळे पुसले.

"हे काय आहे?" व्हर्लिनने विचारलं.

"तूच शिकवलंस ना? उलट वाढवलं की शहाणा माणूस टाकतो. मग माझी पानं काय आहेत याला काय अर्थ आहे?"

"अर्थ आहे! सगळा अर्थ त्यातच आहे!"

"अरे, बाईवर डाफरू नकोस," ओटिस म्हणाला. "पानं वाट."

पुढचा अर्धा तास व्हर्लिन नुसती पानं टाकत राहिला. त्याचे कान आधी लाल झाले, मग जांभळे. मग त्याला राण्यांची जोडी आली. त्याने दोन डॉलर टाकले. लोर्नाने शांतपणे नऊ केले.

"पुन्हा?" तो ओरडला. "माणूस एकदा फसतो, बाई, एकदाच!" आणि पुढ्यातल्या झाडून सगळ्या चकत्या त्याने दोन्ही हातांनी मधे लोटल्या.

"बघते मी," असं म्हणत लोर्नाने तेवढ्याच चकत्या टाकल्या आणि दोन पानं उलटली. एक्का. एक्का.

पुढची पाच पानं उघडली, पण व्हर्लिनच्या राण्यांच्या मदतीला कुणी आलं नाही.

"या वेळी खरंच होते," ती जवळजवळ दिलगिरीने म्हणाली.

"मग सांगता येत नाही?"

"सांगितलं की! उलट वाढवून."

व्हर्लिन उठला तो शीतपेटी मागे ढकलूनच. "चल घरी! आत्ताच्या आत्ता!"

"मी जिंकतेय, व्हर्लिन."

त्याने भिंतीवर दणकून थाप मारली. भिंतीवर बरंच काही होतं, पण थाप पडली ती नेमकी गॅरेजच्या दाराच्या बटणावर. दार घरघरत खाली आलं आणि धाडकन पिकअपच्या बॉनेटवर बसलं.

"ते अडथळा आला की थांबायला हवं ना?" व्हर्लिन किंचाळला.

"हवं खरं," ओटिस म्हणाला. "तीन वर्षांपासून थांबत नाही. आता स्प्रिंगही गेलेली दिसते. मिस्त्री सहाला येईल."

तेव्हा वाजले होते तीन. मोठ्या तोऱ्यात निघून जावं, तर वाहन दाराच्या जबड्यात. पायी जावं, तर बाहेर चाळीस अंश. हातात चकती नाही. व्हर्लिन तीन तास शीतपेटीवर बसून गार झालेली चिली, म्हणजे खिम्याचा तिखट रस्सा, खात राहिला आणि बायको ओटिसच्या नि रेबर्नच्या चकत्या कशा गोळा करते ते पाहत राहिला. दर वेळी कुणाला थंड बिअर हवी असली, की त्याला उठावं लागे.

परतताना गाडीचं चेपलेलं बॉनेट सारखं खडखडत होतं. शेवटी त्याला राहवेना. "नवरा-बायकोत उलट वाढवायचं नसतं. एवढं समजायला हवं तुला!"

लोर्ना वळली. आता तिचाही आवाज चढला. "अस्सं? एकवीस वर्षं घरात मी एक बोलले की तू वर चार बोलतोस. पडद्यांचा रंग असो, माझ्या आईचं येणं असो, प्रत्येक गोष्टीत उलट वाढवतोस, आणि मी आपली पानं टाकून देते. वाटायचं, इतका ओरडतोय म्हणजे याच्याकडे एक्के असतील. आज कळलं, सत्ती-दुर्रीवरही ओरडता येतं!"

व्हर्लिनने लाल सिग्नलला गाडी उभी केली. ("सिग्नल हिरवा झालाय," असं तिने सांगितलं, तेव्हा कुठे त्याने गाडी हलवली.)

चार दिवस तो रागावून राहिला. पण कशावर रागवावं हेच धड कळेना, त्यामुळे राग नासत गेला. पाचव्या दिवशी ओटिसचा फोन आला. व्हर्लिनने घसा साफ केला. "ओटिस, त्या दिवशी मी जरा जास्तच... माफ कर गड्या."

"सोड रे. लोर्ना आहे का? शनिवारी तिला नक्की यायला सांग. रेबर्न दहादा विचारतोय."

व्हर्लिनने फोन दुसऱ्या कानाला लावला. "आणि मी? मी आलेलं चालणार नाही तुम्हाला?"

"खुळा की काय लेका!" ओटिस कळवळून म्हणाला. "तू तर आधी ये! तू नसलास, तर ती आमच्याकडूनच जिंकेल ना!"