लग्नाची दोन नंबरची सीडी

दुधरामने सकाळीच जाहीर केलं की लग्नाची सीडी आज फुकटात मोबाईलवर येणार. गोंदियाजवळच्या गोरेगावच्या शाळेत क्लार्क, त्यात एमएससीआयटी पास. असल्या कामाला दुकान गाठणं त्याला कमीपणाचं वाटे. घरचा कम्प्युटर म्हातारा होता, पण सीडीचा कप्पा त्यालाच होता, आणि टाचणी खुपसली की तो उघडायचाही.

त्याच्या बायकोला, मंदाबाईला, लग्नाचं एवढं कौतुक नव्हतं. तिला बाबा हवे होते. ते जाऊन सात वर्षं झाली. मागे फोटो उरला तो मतदान कार्डावरचा, ज्यात त्यांनी स्वतःलाही ओळखलं नसतं. एक नंबरच्या सीडीत त्यांची नुसती पाठ होती, मांडवात धावपळ करणारी. कन्यादान आणि बिदाई दोन नंबरच्या सीडीत, आणि ती घरच्या प्लेअरने कधी वाचलीच नाही. पुढे प्लेअरही गेला.

"बाबाचा चेहरा सापडला पाहिजे, बस," ती म्हणाली. "बाकी काई नोको मले."

हात बसावा म्हणून दुधरामने आधी एक नंबरची सीडी घातली आणि पहिलं फुकट सॉफ्टवेअर चालवलं. चित्र झकास आलं, फक्त मधोमध कंपनीचं नाव, नेमकं नवरा-नवरीच्या तोंडावर.

"हे कोन व्हय जी, आपल्या मंधात?"

"फुकट हाय ना वं. नाव तं टाकनच तो."

दुसऱ्याने नाव टाकलं नाही, पण पाचच मिनिटं फुकट दिली. ती गणपती, फिरते गुलाब आणि शूटिंगवाल्याचा फोन नंबर यांतच संपली. तिसऱ्याने आवाज तेवढा उतरवला आणि वर आपले तीन भाऊबंद कम्प्युटरमध्ये बसवून ठेवले. कम्प्युटर धोक्यात आहे म्हणून ते दर मिनिटाला बोंबलू लागले.

"गोंदियाले देऊन टाका ना दुकानात. कायले डोकं फोडून राहिले?"

"मंग एमएससीआयटी कायले केलं मी?"

चौथं दिसायला अगदी साधं होतं. नाव नाही, मुदत नाही, भाऊबंद नाहीत. दोन नंबरची सीडी पुसून आत घातली, तर ते कुरकुरत, ओरखड्यांवर अडखळत का होईना, चार तास वाचत राहिलं. नव्व्याण्णव टक्क्यांवर दोघंही पडद्याला नाक लावून बसली.

फाईल उघडली. गुलाब फिरले आणि त्यांतून नाव आलं: शामकला.

शामकला म्हणजे माहेरच्या मुन्नालालची पोरगी, तीन घरं पलीकडची. दोघींची लग्नं एकाच दिवशी, तिचं सकाळी, शूटिंगवालाही एकच. पठ्ठ्याने दोन नंबरच्या सीड्यांची अदलाबदल केली होती.

"मंग आपली तिच्या घरी असन!" दुधरामला धीर आला.

"तिनं मांगंच सांगतलं मले. सीडी बेकार निंगाली म्हनून धानात पाखरं हाकलाले टांगली."

मंदाबाई उठलीच. दुधरामला मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्याने फाईल डिलीट करायला हात नेला, तेवढ्यात पडद्यावर पंगत बसली.

"थांबा जी!"

पंगतीत तिसऱ्या जागेवर, नवंकोरं धोतर नेसून, मांडी घालून बाबा बसले होते. चेहरा अगदी समोर. पत्रावळीत बुंदीचा ढीग. कोपऱ्यात त्याच दिवसाची तारीख, वेळ दुपारी एक.

मंदाबाईचं लग्न संध्याकाळचं होतं, आणि कन्यादान होईपर्यंत मुलीच्या बापाने काही खायचं नसतं. बिदाईला बाबांना भोवळ आली तेव्हा सारं गाव त्या उपवासावर हळहळलं होतं. आपल्यापायी बाप दिवसभर उपाशी राहिला, हे मंदाबाईच्या जिवाला एकोणीस वर्षं लागून राहिलं होतं.

"उपाशी नव्हता जी माहा बाबा!"

"मंग ते भोवळ?"

"बुंदीनं आली असन!"

पडद्यावर बाबांनी हळूच इकडेतिकडे पाहिलं, वाढप्याला बोटाने खुणावलं आणि पत्रावळ पुढे सरकवली. मंदाबाई हसत होती आणि पदराने डोळे पुसत होती.

"थोडं मांगं घ्या जी," ती म्हणाली. "अजून एकदा वाढू द्या त्याले."