अंबुजाबाईंचा गुणगुणता कोलू

दिनानाथ हर्डीकर निवृत्त झाले आणि त्यांच्या पत्नीचे, चारुलताबाईंचे, हाल सुरू झाले. चेन्नईजवळच्या आवडी गावातल्या रणगाड्यांच्या कारखान्यात तपासनीस म्हणून उभी हयात घालवलेला माणूस. समोर येईल त्या वस्तूत खोट शोधायची, हे त्यांचं काम, आणि ते त्यांनी मनापासून केलं होतं. आता समोर रणगाडे नव्हते, इडल्या होत्या. "ही बघ, ही डावीकडे जास्त फुगलीय." कुकरची तिसरी शिट्टी पहिल्या दोन शिट्ट्यांपेक्षा लांबते, हेही त्यांच्या लक्षात आलं. शेवटी चारुलताबाईंनी मधमाशीपालनाच्या वर्गाची जाहिरात पेपरातून कापली आणि त्यांच्या ताटाशेजारी ठेवली.

"जा तिकडे. हजारो जणी आहेत. त्यांच्यात काढा काय खोट काढायची ती."

दिनानाथ वर्गाला गेले आणि येताना माश्यांसकट एक पेटीच घेऊन आले. अंबत्तूरच्या त्यांच्या तीन मजली इमारतीच्या गच्चीवर, पाण्याच्या टाकीच्या सावलीत ती बसली. आणि मग आक्रीत घडलं. तपासनीस दिनानाथ हर्डीकरांना खोट सापडेना.

"चारू, घरं बघितलीस पोळ्यातली? व्हर्नियर लावून मोजली. एकूण एक सारखी! पट्टी नाही, फोरमन नाही, आणि काम सगळं अंधारात!"

"मी इतकी वर्षं पोळ्या लाटतेय. त्या नाही कधी मोजल्या."

"मोजल्यात," दिनानाथ म्हणाले. "म्हणून तर बोलत नाही."

खरं सांगायचं तर माश्या होत्याच तशा. एप्रिलात अख्खी वसाहत टँकरपुढे घागरी आपटत भांडत होती, तेव्हा या बायका टाकीच्या गळक्या नळाशी ओळीने येऊन एकेक थेंब नेत होत्या. धक्काबुक्की नाही, आरडाओरडा नाही. कडुनिंब फुलला तेव्हा पायांना पिवळे परागाचे गोळे लावून घरी परतत होत्या. आवारातल्या शेवग्याला त्या वर्षी इतक्या शेंगा लागल्या की वॉचमन दारोदार वाटत फिरला. असं कुणी समोर राबत असेल तर कोणाचंही मन हरखून जाईल. दिनानाथांचं गेलं. ते जेवायला बसले की माश्यांबद्दल बोलत आणि समोरची इडली न बघता खाऊन टाकत. चारुलताबाईंना लग्नानंतर इतकं सुख कधी मिळालं नव्हतं.

एकच धास्ती होती. इमारतीचे सेक्रेटरी व्यासराज राव तंजावरी मराठी गृहस्थ. चार पिढ्या तमिळ मुलखात काढलेल्या त्यांच्या मराठीत त्यांनी पहिल्याच दिवशी बजावलं होतं, "गच्चीवर ठेवा. पण एक माशी कोणाच्या घरात आली की पेटी उचलाची. आत्ताच सांगिटलं, मग रागवाचं नाही." दिनानाथांनी मान डोलावली होती. पेटी गेली तर माणूस पुन्हा इडल्यांवर येणार, हे चारुलताबाईंना स्वच्छ दिसत होतं.

बिघडलं ते कौतुकामुळे. वर्गातल्या सरांनी पेटी पंधरा दिवसांतून एकदा उघडायला सांगितली होती. दिनानाथ रोज उघडत.

"तपासायला नाही गं. नुसतं बघायला."

"तुम्ही आंघोळीला गेल्यावर रोज कोणी दार उघडून नुसतं बघितलं तर?"

"मी काय त्यांच्याइतका बघण्यासारखा आहे?"

माश्यांनी वर्षभर सोसलं आणि नवरात्राच्या पहिल्या दिवशी, भर दुपारी, बिऱ्हाड हलवलं. गच्चीवर काळा ढग उठला, घोंघावत एकदा टाकीभोवती फिरला आणि कठड्यावरून खाली वळला. डोक्यावर जाळीची टोपी घालून दिनानाथ जिन्याने धावत सुटले. माश्या तिसऱ्या मजल्यावरच्या एका उघड्या खिडकीत शिरत होत्या. खिडकी व्यासराजांची होती.

आत अंबुजाबाईंनी, म्हणजे व्यासराजांच्या पत्नीने, सकाळीच कोलू मांडला होता. नवरात्रात तिकडे घरोघर पायऱ्या रचून बाहुल्या मांडतात, तो कोलू. अंबुजाबाईंच्या पायऱ्या सासऱ्यांनी जॉर्ज टाउनहून आणलेल्या लाकडी खोक्यांच्या होत्या, वरून पांढरी वेष्टी, म्हणजे तिकडचं धोतर, अंथरलेली. तळाच्या खोक्याची एक फळी चिरलेली होती. अंधारी, कोरडी, एकांतातली जागा. वर्षभर झाकण उघडलं जाण्याला कंटाळलेल्या माश्यांना आणखी काय हवं? दिनानाथ पोचले तेव्हा शेवटच्या माश्या राजाराणीच्या लाकडी बाहुल्यांच्या पायांमधून वेष्टीखाली चालल्या होत्या. सोफ्यावर उभे राहिलेले व्यासराज त्यांची वाट बघत होते.

"एक माशी म्हटलो होतो मी! या किती आहेत?"

दिनानाथांना खोटं बोलता येत नसे. "पंधरा हजार तरी असतील."

"अय्यो!"

"पाच मिनिटांत काढतो. वरच्या बाहुल्या जरा बाजूला घेतल्या की..."

"हात लावाचं नाही!" अंबुजाबाई स्वयंपाकघरातून सुंडलाची, म्हणजे प्रसादाच्या हरभऱ्याच्या उसळीची, कढई घेऊनच बाहेर आल्या. "कलश बसला. आता विजयादशमीला बाहुली झोपवल्याशिवाय कोलू हलवाचं नाही."

"अहो, पण आत माश्या आहेत."

"असू दे की. देवीच्या घरी आल्या, त्यांना हाकलाचं कसाला?"

सोफ्यावरून व्यासराज म्हणाले, "मी सेक्रेटरी आहे."

"मग खाली उतरा," अंबुजाबाई म्हणाल्या.

संध्याकाळी हळदीकुंकवाला बायका आल्या. कोलूतून संथ, गोड गुणगुण येत होती, जणू सगळ्या बाहुल्या तोंड मिटून गात होत्या. खिडकीतून येणाऱ्या माश्या बायकांच्या डोक्यांवरून सरळ रेषेत जात आणि राजाराणीच्या पायांशी उतरत. एकीलाही डंख झाला नाही. बायका वाकून कान लावत आणि हात जोडत. दुसऱ्या दिवशी शेजारच्या गल्लीतून लोक आले. तिसऱ्या दिवशी समोरच्या अलमेलू मामी आल्या. त्यांच्या कोलूत खेळण्यातली आगगाडी धावायची आणि तिचं कौतुक अंबुजाबाईंना दरवर्षी ऐकावं लागायचं. मामींनी बराच वेळ कान लावला, पानसुपारी घेतली आणि आगगाडीचं नाव न काढता गेल्या. अंबुजाबाईंनी त्या रात्री व्यासराजांना दोनदा पायसम वाढलं.

दिनानाथ मात्र कासावीस झाले होते. रोज येऊन कोलूसमोर बसत. माश्या हाताच्या अंतरावर, आणि झाकण उचलायची सोय नाही! त्यांची बोटं आपोआप वेष्टीकडे जात आणि अंबुजाबाई त्या बोटांत सुंडलाचा द्रोण ठेवत. "उपाशी तर नसतील? पोळं बांधत असतील ना?" घरी आल्यावर ते विचारत. त्यांची मुद्रा पार सुकली. तपासू दे मेल्या इडल्या, असंसुद्धा चारुलताबाईंना एकदा वाटून गेलं.

दशमी झाली, प्रथेप्रमाणे एक बाहुली आडवी झोपवली, कोलू उतरला. दिनानाथांनी चिरलेली फळी सरकवली. आत पांढरीशुभ्र, नवी पोळी ओळीने लटकत होती. वर्षभर त्यांच्या पेटीत झालं नव्हतं एवढं काम या बायकांनी एका नवरात्रात उरकलं होतं.

"कोणी बघत नव्हतं ना," चारुलताबाई हळूच म्हणाल्या.

दिनानाथांनी फळी आपल्या हाताने परत बसवली.

खोकं गच्चीवर गेलं. सगळ्यांचं लक्ष आता सेक्रेटरींकडे होतं. व्यासराजांनी रात्रभर विचार केला, थोडाफार अंबुजाबाईंनीही केला, आणि सकाळी फळ्यावर सूचना लागली: माश्यांना गच्चीवर कायम राहण्यास हरकत नाही. श्री. हर्डीकर यांना जानेवारीतल्या पोंगलपर्यंत गच्चीवर जाण्यास मनाई आहे. गच्चीची किल्ली सौ. हर्डीकर यांच्याकडे राहील.

दिनानाथांनी शिक्षा मुकाट्याने मान्य केली. ते खाली बाल्कनीत बसत आणि ये-जा करणाऱ्या माश्यांकडे मान वर करून बघत. किल्ली चारुलताबाईंच्या कमरेला असे.

डिसेंबरातल्या एका दुपारी चारुलताबाई घरात आल्या त्या तोंडाला पदर लावून. दिनानाथांनी पदर बाजूला केला. वरचा ओठ इडलीसारखा फुगला होता, तोही डावीकडे जास्त.

"मोरीच्या दारावर आपटले," त्या कशाबशा म्हणाल्या.

दिनानाथांनी चष्मा लावला, त्यांना उजेडात बसवलं आणि नखाने ओठातला काटा अलगद काढला.

"एकटीच होतीस?"

"अंबुजाक्का होत्या. फळी त्यांनी धरली होती." मग न राहवून त्या म्हणाल्या, "अहो, राणी दिसली!"

दिनानाथांना ती वर्षभरात एकदाही दिसली नव्हती.

"थांब," ते म्हणाले. "मी चहा टाकतो. मग पहिल्यापासून सांग."