आप्पांनी उतरवलेला हप्ता

"यंदा दुकानाच्या विम्याचा हप्ता निम्म्यावर आणला नाही, तर गल्ल्यावर सूनबाई बसेल आणि मी दारात!" गादीवाल्या आप्पांनी सगळ्यात उंच गादीवर हात आपटून जाहीर केलं. गादी नवी, त्यामुळे आवाज काही आला नाही. पण शब्द ऐकायला चार गिऱ्हाइकं, शेजारचा चष्मेवाला आणि खुद्द सूनबाई हजर होती. म्हणजे झालंच!

गल्ला म्हणजे आप्पांचा जीव. तीस वर्षांत त्या खुर्चीवरून ते फक्त जेवायला उठले होते.

विमा एजंट एवढंच म्हणाला होता, "सुरक्षा वाढवा, हप्ता उतरेल. आठवड्यानं कंपनीच्या तपासनीस बाई बघायला येतील."

"आप्पा, मागच्या दारासमोरचा कापूस हलवू या का? वायरीही जुन्या झाल्यात," सूनबाई म्हणाली.

"सुरक्षा म्हणजे झाडलोट नव्हे गं! सुरक्षा म्हणजे लोखंड!"

आणि लोखंड म्हटलं की आप्पांचा मेहुणा. वेल्डिंगचा कारखाना होता त्याचा. पाळणा सांगितला तर पिंजरा करून देणारा गडी! त्यानं मागचं दार वेल्डिंग मारून कायमचं बंद केलं. खिडक्यांना अशी जाळी ठोकली, की मुंगीलाही अंग चोरून जावं लागेल. पुढच्या शटरला कुलूप बसवलं, ते आपोआप लागणारं आणि उघडणारं मात्र फक्त बाहेरून!

"आतून का नाही, मामा?" सूनबाईनं विचारलं.

"अगं, चोर आत शिरलाच, तर बाहेर पडता कामा नये!"

आप्पांना गहिवरून आलं. असा मेहुणा मिळायला भाग्य लागतं!

शेवटी आप्पांची नजर भिंतीवरच्या लाल नळकांड्यावर गेली. आग विझवायचं ते. हेच कुणी उचलून नेलं तर? झालं, त्यालाही साखळी आणि कुलूप! किल्ली एकदम सुरक्षित ठिकाणी. घरी, कपाटात.

ठरल्या दिवशी बाई आल्या. हातात फाइल आणि चेहरा असा, की हसू आलंच तर त्याचीही नोंद करतील. सूनबाई चहा आणायला गेली आणि आप्पांना चेव चढला.

"बाई, प्रात्यक्षिकच दाखवतो!" त्यांनी शटर खाली ओढलं. कुलूप खटकन बसलं.

"छान," बाई म्हणाल्या. "आता समजा, आग लागली. बाहेर पडून दाखवा."

आप्पांनी गळ्यातली किल्ली काढली. किल्लीकडे पाहिलं, शटरकडे पाहिलं, पुन्हा किल्लीकडे पाहिलं.

"कुलूप बाहेरून आहे," ते म्हणाले.

"मग मागचं दार?"

"होतं."

बाईंनी काहीतरी लिहिलं.

तेवढ्यात जाळीपलीकडे चहाचा ट्रे घेतलेली सूनबाई दिसली. "आप्पा, शटर का लावलंत?"

"ते नंतर! आधी ही किल्ली घे!"

किल्ली जाळीतून जाईना. उभी जाईना, आडवी जाईना, तिरकी तर मुळीच नाही.

"दुसरी किल्ली कुठंय?"

"तीही गळ्यातच आहे! हरवायला नको म्हणून!"

सूनबाईनं मामांना फोन केला. मेहुणा गॅसकटर घेऊन धावत आला आणि थेट मागच्या दाराला भिडला. "दाजी, मागं सरा! आपणच जोडलंय, आपणच कापू!"

"मामा, तिथं आत कापूस आहे!" सूनबाई ओरडली. पण कटरच्या आवाजात मेहुण्याला स्वतःचंही नाव ऐकू आलं नसतं. ठिणग्या आत पडल्या आणि कापसातून धूर निघायला लागला.

"नळकांडं आणा!" बाई किंचाळल्या.

आप्पांनी नळकांड्याला मिठी मारून ओढलं. साखळी तसूभर हलली नाही. मेहुण्याचं काम!

"किल्ली?"

"घरी!"

आता मात्र बाईंनी लिहिणं थांबवलं. पण सूनबाईनं चष्मेवाल्याच्या नळाची नळी ओढत आणली, मागच्या खिडकीच्या जाळीला लावली आणि फवारा सोडला. आग विझली. बाई, फाइल आणि अकरा गाद्यांची आंघोळही त्यातच उरकली. मग दार धाडकन पडलं आणि दोघं खोकत बाहेर आले.

बाईंनी फाइल पिळली. "चोरीच्या हप्त्यात तुम्हाला पूर्ण सवलत. या दुकानात चोर येऊच शकत नाही."

ओल्या सदऱ्यातही आप्पांची छाती फुगली. "ऐकलंस, सूनबाई?"

"आणि आगीचा हप्ता दुप्पट."

"असू दे! एक उतरला, एक चढला. बरोबरी झाली!"

सूनबाई हळूच म्हणाली, "आप्पा, चोरीचा हप्ता आहे नऊशे. आगीचा तीस हजार. गाद्या डोक्यावर घेऊन पळतंय कोण? गाद्या जळतात."

दुसऱ्या दिवशी सूनबाई गल्ल्यावर बसली. कापूस हलला, वायरी बदलल्या, मागच्या दाराला आतून उघडणारी कडी आली, नळकांडं साखळीतून सुटलं. पुढच्या वर्षी हप्ता उतरला, तो मूळ आकड्याच्याही खाली!

आप्पा आता दारातल्या नमुन्याच्या गादीवर बसतात आणि येईल त्याला सांगतात, "हप्ता आपणच उतरवला बरं का!"

परवा चष्मेवाल्याला राहवलं नाही. "आप्पा, तुम्ही तर चढवला होता!"

"मग? आधी चढवला नसता, तर उतरवला कुठून असता?"