आधी बसा, मंग नावं ठेवा

लिंबाजीकाकांना कुणी नावं ठेवली, की ते आधी त्या माणसाला बसायला खुर्ची देतात. पाणी विचारतात. मग समोर मांडी घालून बसतात, डावा कान पुढे करतात आणि म्हणतात, "हां, आता जागा दाखवा. नेमकं कुठं चुकलं?"

नावं ठेवणाऱ्याचा निम्मा जोर खुर्चीतच जिरतो. उभ्याउभ्या माणूस काहीही बोलून जातो. एकदा बसला, त्यातही हातात पाण्याचा तांब्या आला, की त्याला मुद्दा लागतो. आणि आमच्या परतुरात मुद्द्याची माणसं मोजकीच.

"काका, तुम्हाला राग येत नाही का हो?" मी एकदा विचारलं.

"येतो ना. बिलकुल येतो. पण खुर्ची आणायला घरात जावं लागतं. तेवढ्यात उतरतो."

काका माझे भिंतीला भिंत लागून शेजारी. उभा जन्म मोंढ्यातल्या, म्हणजे धान्यबाजारातल्या, एका अडत दुकानावर हर्राशी पुकारण्यात गेला. समोर तुरीचा ढीग, भोवती व्यापारी, आणि काका लिलावाची बोली चढवत नेणार. त्यात आवाज असा तयार झाला की लाऊडस्पीकरने मान खाली घालावी. मोंढा सुटला, आवाज मात्र शिल्लक राहिला. त्याचं करायचं काय, म्हणून काका लग्नांत मंगलाष्टका म्हणू लागले. एक टोपी, एक उपरणं आणि जेवण, एवढ्यावर. शब्द देवाधर्माचे आणि चाल तुरीच्या भावाची. अंतरपाटाच्या दोन बाजूंना नवरा-नवरी उभी असतात आणि काका कडव्यागणिक असे चढत जातात, की नवरदेव आता कुणाच्या नावावर सुटतोय, अशी धास्ती वाटावी.

कुंभार पिंपळगावच्या एका लग्नात नवरीचे मामा भर मांडवात काकांना म्हणाले, "तुमचा आवाज म्हंजी फुटका डबा हाय."

काकांनी खुर्ची ओढली. "बसा मामा. कुठं फुटला? जागा दाखवा. पयल्या कडव्यात का दुसऱ्या?"

मामांना एकही कडवं आठवेना. "सगळाच फुटका," ते म्हणाले.

"सगळाच म्हणलं की ती टीका न्हाई राहत मामा, ती भूक असते. मुहूर्त कधीचा टळून गेला. जेवून या, मंग बोलू."

मामा जेवून आले. बुंदीवर बुंदी झाली होती, वर मठ्ठा. ढेकर देत म्हणाले, "तसं बरं होतं म्हणा."

तेव्हापासून काकांनी जगातल्या सगळ्या टीकेची वाटणी करून टाकली आहे. एक जागेची, दुसरी भुकेची. "जागेची असंल तर डोक्यावर घ्यायची. भुकेची असंल तर वाढप्याला हाक मारायची. खेळ खल्लास."

मात्र जागेची निघाली, तर काका खरंच डोक्यावर घेत. शेवटची बोली सुटायच्या आधी थांबायची मोंढ्यातली सवय त्यांच्या मंगलाष्टकांत उतरली होती. एका लग्नात 'सावधान' म्हणून ते असे काही थांबले, की मांडवाला वाटलं, झालं. लोकांनी मुठीच्या मुठी अक्षता उधळल्या. बँडवाल्यांनी बँड सुरू केला. भटजींनी अंतरपाट सोडला, नवरीने हारसुद्धा घातला. आणि काकांनी पुढचं कडवं उचललं. मग काय, अंतरपाट पुन्हा धरला. नवरदेव गळ्यात हार घालून पुन्हा बिनलग्नाचा उभा राहिला. आणि निम्मा मांडव वाकून सतरंजीवरच्या अक्षता वेचू लागला.

लग्न एकदाचं लागल्यावर एक म्हातारी काकांपुढे येऊन उभी राहिली. "आरं लिंबाजी, सावधान म्हणून थांबत नको जाऊ. मान्सं फसून राह्यले तिथं."

काकांनी तिथल्या तिथे तिच्या पायाला हात लावला. पुढच्या लग्नापासून 'सावधान'वर त्यांचा डावा हात वाहतूक पोलिसासारखा वर जाऊ लागला. म्हणजे, थांबा, अजून माल शिल्लक आहे.

मी शाळेत गणित शिकवतो. मध्यंतरी पालकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर कुणीतरी लिहिलं, 'सरांचं तोंड कायम फळ्याकडे असतं, पोरांना नुसती पाठ दिसते.' मी दिवसभर फणफणत होतो. संध्याकाळी ओट्यावर काकांना सांगितलं. त्यांनी शांतपणे विचारलं, "पाठ दिसते का?"

"दिसते. पण फळ्यावर लिहायचं म्हणजे..."

"मंग त्या मान्सानं जागा बराबर दाखवली. तुम्हाला राग कशाचा आला सर? जागा सापडली याचा?"

आता मी तिरका उभा राहून लिहितो. अक्षर बिघडलंय, पण पोरं दिसतात. काय काय करतात, तेही दिसतं.

ही सगळी विद्या काका कौसाकाकूंकडून शिकले. कौसाकाकू म्हणजे काकांची बायको. लग्नांतून काका टोपी-उपरणं मिरवत घरी येत, पाहुण्यांनी केलेली वाहवा सांगत आणि तिथेच एक कडवं म्हणून दाखवत. काकू भाकरी थापता थापता ऐकत. तव्यावरची नजर न काढता पिठाचा तळवा हवेत खाली दाबत आणि म्हणत, "वर चढू नका, खाली या. लग्न हाय, तूर न्हाई इकायला काढली." उभ्या संसारात काकूंनी एकदाही 'छान' म्हटलं नाही आणि काका एकदाही खाली आले नाहीत. पण बाहेर कुणी कितीही कौतुक केलं तरी काका सांगत, "ते सोडा, घरचा निकाल बाकी हाय."

दिवाळीनंतर काकूंना लकवा मारला. उजवी बाजू गेली, तोंड वाकडं झालं, वाचा बंद पडली. जालन्याच्या डॉक्टरांनी सांगितलं, त्यांच्याशी बोलत राहा, वाचा येईल, कदाचित नाही येणार. भेटायला येणारे सगळे गोड बोलत. काकूही सगळ्यांकडे बघून एकसारखं, अर्ध्या तोंडानं हसत. काकूंनी असं सगळ्याला हसून मान डोलवावी, हे मला बघवत नव्हतं.

काकांनी लग्नं बंद केली. आणि रोज संध्याकाळी भिंतीपलीकडून मंगलाष्टका येऊ लागल्या. पूर्वीपेक्षा भीषण. चाल मोडलेली, कडवी उलटसुलट, सूर थेट पत्र्यावर. गल्लीत रोज लग्न, जेवण मात्र नाही. शेवटी गल्लीने मला पुढे घातलं.

मी गेलो. काकांनी खुर्ची दिली. काकू खाटेवर गोधडी पांघरून, उशीला टेकून बसल्या होत्या.

"गल्लीचं म्हणणं आहे काका, जरा फारच..."

"जागा दाखवा."

मी दाखवल्या. सुरुवात फार वरून होते. दुसऱ्या ओळीत श्वास तुटतो. तिसरं कडवं दुसऱ्याच्या आधी येतं. 'सावधान'वरचा तो जुना थांबा पुन्हा आलाय. मी बोलत गेलो तसा काकांचा चेहरा उजळत गेला.

"समद्या बराबर पकडल्या," ते म्हणाले. "गणिताच्या मास्तरला कळतंय, मंग तिला तर कळतच असंल." मग माझ्या खुर्चीजवळ सरकून हळू आवाजात म्हणाले, "मुद्दाम चुकून राह्यलो सर. गोड बोलणारे लई झाले. ती बी नुसती हसून राह्यली. हसायला काय, कुणी बी हसतं. तिनं एक डाव नाव ठेवलं पाह्यजे मला."

मला गल्लीचा निरोप पुढे सांगवेना. मी म्हटलं, "म्हणा काका."

काका खाटेसमोर उभे राहिले, घसा खाकरला आणि भर मोंढ्यात असल्यासारखे वरून सुरू झाले. भिंतीवरचं कॅलेंडर हललं म्हटलं तर खोटं होईल, पण मी हललो. पहिली ओळ संपली. काकू हसत होत्या. दुसरी ओळ आणखी वर गेली.

काकूंचं हसू थांबलं. कपाळाला आठी पडली. गोधडीतून डावा हात निघाला, वर आला आणि तळवा खाली दाबला गेला. वाकडे ओठ काहीतरी जुळवत होते.

"खा... ली," काकू म्हणाल्या. आणि थोड्या वेळाने, "या."

मला रडू आलं, ते मी लपवलं नाही. काकांनी या वेळी जागा विचारली नाही. उपरण्याने तोंड पुसलं, खाटेच्या कडेला बसले आणि त्यांच्या तोंडून मी कधीच ऐकली नव्हती, अशा खालच्या आवाजात पहिली ओळ पुन्हा धरली.

दुसऱ्या ओळीला ते परत वर चढले. मुद्दाम की सवयीने, कोण जाणे. काकूंचा हात पुन्हा उचलला गेला.