सरळ पदपथाचं समीकरण

पनवेलच्या एका नव्या वसाहतीत बसथांब्यापासून दवाखान्यापर्यंत पदपथ बांधायचा ठरला. तो सरळ असावा, असं ठरावात स्पष्ट होतं. कारण उलव्याकडे जाणारे डंपर चुकवत म्हातारी माणसं दवाखान्यात पोचत, आणि काही जण न चुकवता आल्यामुळे पोचत.

काम कनिष्ठ अभियंता आफरीनकडे आलं. तिने कागदावर चौकटी आखल्या. थांबा आला (०, १) वर, दवाखाना (४, ९) वर. चार चौकटी आडव्या गेल्या की आठ उभ्या, म्हणजे चढ दोन. तिने y = 2x + 1 लिहिलं आणि समाधानाने चहा मागवला.

चहाआधी कमळाकर आले. वसाहतीतलं वजनदार प्रस्थ. "पदपथ माझ्या फाटकावरून जायला हवा." फाटक होतं (२, ६) वर. x दोन असताना रेषा मात्र पाचवरून जात होती.

साहेब उदयसिंह यांनी दोन्ही बाजू शांतपणे ऐकल्या. "सरळपणा ठरावात आहे. कमळाकरांचं फाटकही आता ठरावात घेतलंय. म्हणजे चूक तुमच्या समीकरणात आहे."

"सर, दोन बिंदूंतून एकच सरळ रेषा जाते. तिसरा तिच्यावर असेल तर असेल."

"मग बिंदू सरकवा."

"नकाशावर?"

"बिंदू आणखी कुठे असतात, मॅडम?"

फाटक नकाशावर (२, ५) वर आलं. ही सोय कळताच पाठोपाठ तुळशीरामांची गिरणी, दाजींची टपरी आणि एका मंडळाचा मांडव रेषेवर येऊन बसले. इतका सरळ नकाशा कार्यालयाने पाहिला नव्हता.

ठेकेदाराने नकाशाबरहुकूम पदपथ बांधला. तो थांब्यापासून थेट दवाखान्यात गेला. कमळाकरांचं फाटक बाजूलाच राहिलं. ते तावातावाने आले, तर साहेबांनी त्यांनाच नोटीस दिली: आपलं फाटक मंजूर जागी नाही, सात दिवसांत रेषेवर आणावं.

आफरीनला आठवडाभर हसू आवरेना. पदपथ खुला झाल्याच्या पहिल्या सकाळी आपट्याहून आलेली एक आजी काठी टेकत सरळ दवाखान्यात पोचली, तेव्हा आफरीनला वाटलं, आपलं गणित जिंकलं.

दुसऱ्या सकाळी पदपथावर टपरी आली, मग गिरणीचे डबे, मग मांडव. आता आजी नागमोडी जाते. सगळ्यात मोठा वळसा तिला एका गाडीला घालावा लागतो. गाडीचा मालक 'दोनच मिनिटं' म्हणून गेलाय. तो बहुधा ही गोष्ट वाचत बसलाय.