लालभडक फायटर

काशीराम सावंताच्या घरात मासळी रोजच यायची, पण जिवंत मासा पहिल्यांदा आला तो एका रविवारी, प्लास्टिकच्या पिशवीत, पाण्यासकट. सुगंधाने सवयीने विळी पुढे ओढली.

"ती विळी ठेव गो," काशीराम म्हणाला. "ह्यो खावचो नाय. बघूचो."

"बघून पोट भरता?" तिने विचारलं. काशीरामने पिशवी उजेडाकडे धरली.

गिरणी कायमची बंद पडल्यापासून काशीराम विक्रोळीच्या एका कारखान्यात वॉचमन होता. तिथल्या साहेबांच्या केबिनमध्ये माशांची पेटी होती. दिवे, पंप, आत एक छोटा महाल. येता-जाता ती बघून त्याच्या मनाने घेतलं, की घाटकोपरच्या भटवाडीत आपल्याही घरी अशी पेटी हवी. खिसा साहेबांचा नव्हता, तेव्हा सगळं स्वस्तात जमवायचं ठरलं. फोटोफ्रेमवाल्याकडच्या उरलेल्या काचा लोखंडी सांगाड्यात लांबी, म्हणजे पुटी, भरून बसवून घेतल्या. वाळू समोरच्या बांधकामावरून आली आणि ती गढूळपणा जाईपर्यंत सुगंधाने भाताच्या टोपात धुतली. स्टेशनजवळच्या धाकू मासेवाल्याने सांगितलं, की फायटर घ्या, तो वर येऊन हवा घेतो, त्याला पंप लागत नाही. सोबतीला साधे गप्पी चालतील, एखादी गोगलगाय चालेल. फक्त दुसरा फायटर दाखवू नका, फाडून काढतील एकमेकांना. गप्पी मलेरियावाल्यांनी फुकट दिले. काशीरामने लालभडक फायटर निवडला, गोगलगाय धाकूने वर घातली.

पेटी ठेवायला जागा एकच होती, पुढच्या खोलीतल्या ट्रंकेवर. तिथे भिंतीला सुगंधाचा आरसा होता. तो मोरीपाशी गेला. तिथल्या अंधारात कुंकू लावायचं म्हणजे अंदाजपंचे काम.

तेही तिने चालवून घेतलं असतं. पण कामावरून आला की काशीराम चपला काढण्याआधी त्या पेटीपुढे बसू लागला. नळाला तासभर पाणी यायचं. त्यातली एक बादली, औषधाचा वास उडून जावा म्हणून, फायटरसाठी राखीव असायची. रस्त्यावरच्या डबक्यातून तो स्वतः वाकून डासांच्या अळ्या गाळून आणायचा. लग्नाला अठरा वर्षं झाली होती, पण सुगंधासाठी या माणसाने कधी गजरा आणायला पाठ वाकवली नव्हती.

एकदा बहिणीने दिलेली पोपटी साडी नेसून ती मुद्दाम दारात उभी राहिली. काशीराम आत आला आणि म्हणाला, "काय रंग इलोहा, बघ गो."

सुगंधा लाजली. पदर सारखा केला. मग तिच्या लक्षात आलं, की त्याची मान ट्रंकेकडे वळलेली आहे.

त्या रात्री ती जेवली नाही आणि ते काशीरामच्या लक्षात आलं नाही. दुसऱ्या दिवशी नळावर चार बायकांसमोर तिने जाहीर केलं, की एक दिवस त्या मेल्याचं कालवण करीन. सगळ्या हसल्या. शेजारची विमला तेवढी हसली नाही. "सवत परवडली गं," ती म्हणाली. "तिच्या झिंज्या तरी उपटता येतात."

दुपारी काशीराम कामावर असताना सुगंधाने निश्चय केला, की आरसा परत आपल्या जागी यायचा. मासा राहू दे, पण तिथे माझंही तोंड दिसेल. खिळा मारायला ट्रंकेवर चढावं लागणार होतं, म्हणून पेटीवरचं जाळीचं झाकण तिने उचलून खाली ठेवलं. एक पाय ट्रंकेच्या कडेवर, एक खिडकीत, असं करून तिने हातोडी हाणली. पहिल्या घावाला गप्पी कोपऱ्यात गेले. दुसऱ्या घावाला फायटर पेटीबाहेर उडाला आणि दारापाशी पडला. दारात विमलाची मांजर बसली होती. पेटी घरात आल्यापासून ती तिथेच बसायची. सुगंधाला खाली उतरायलाही वेळ मिळाला नाही.

मांजर जिभेने तोंड पुसत निघून गेली, तशी सुगंधाला घाम फुटला. आरसा कशासाठी लावायला घेतला होता, हे तिला आता आठवेना. नळावरचं कालवण मात्र स्वच्छ आठवत होतं. मांजरीने खाल्ला म्हणून सांगितलं असतं, तरी कोण विश्वास ठेवणार होतं? तिने धावत जाऊन विमलाला सांगितलं, तर स्वतः विमलाच म्हणाली, "मला विचारशील तर मीसुद्धा नाही ठेवणार."

पण मांजर तिची होती, त्यामुळे तीही सोबत आली. दोघी धाकूकडे पोचल्या. त्याच्याकडे फायटर एकेका बाटलीत होते आणि दोन बाटल्यांमध्ये पुठ्ठे लावलेले होते.

"पुठ्ठे कशाला?" विमलाने विचारलं.

"दुसऱ्याचा पिसारा दिसला, की याचं डोकं फिरतं, ताई."

सुगंधाने बाटल्यांवरून नजर फिरवली. लाल एकही नव्हता. धाकूने सांगितलं, की लाल आता पुढच्या आठवड्यात. आज निळे आहेत. निळा म्हणजे अगदी शाईच्या दौतीत बुडवून काढल्यासारखा. सुगंधाने एक निळा घेतला. फायटर नसलेल्या पेटीपेक्षा निळा बरा.

घरी येऊन तिने पिशवी पेटीत थोडा वेळ तरंगत ठेवली, मग मासा सोडला. झाकण घट्ट लावलं. वाटेत विमलाबरोबर बसवलेल्या थापा मनात घोळवल्या. थंडीने रंग बदलला, अळ्या बाधल्या, मुळात सावलीत तो निळाच होता. एकही थाप तिला स्वतःला पटेना. शेवटी तिने ठरवलं, की खरं सांगायचं आणि होईल ते सोसायचं.

काशीराम आला. चपला न काढता पेटीपुढे बसला. सुगंधा स्वयंपाकघराच्या दारात पदराचं टोक पिळत उभी राहिली. काशीराम बराच वेळ काचेत बघत होता. मग त्याने मान डोलावली.

"आज बघ," तो म्हणाला. "कसो लालभडक दिसता."

सुगंधाने पेटीकडे बघितलं. निळा मासा निळे पंख पसरून आरामात फिरत होता. तिने नवऱ्याच्या तोंडाकडे बघितलं. तो चेष्टा करत नव्हता.

"कालच्यासारखोच आसा ना?" तिने जपून विचारलं.

"माका काय इचारतंस? रोज मीच बघतंय न्हय?"

सुगंधा आत गेली आणि डाळीला फोडणी दिली. मघापासून छातीवर बसलेला धोंडा कुठे गेला, ते तिला कळलं नाही. एवढे दिवस तिला वाटत होतं, की हा माणूस आपल्याकडे बघत नाही, माशाकडे बघतो. आता कळलं, की त्याच्यापुढे सगळे सारखेच. कारखान्यात पहारा करताना हा नक्की काय बघत असेल, असंही तिच्या मनात येऊन गेलं. पण पगार वेळेवर होत होता, म्हणून तो विचार तिने सोडून दिला.

त्या माशाचीच तिला कीव आली. काशीराम कामावर गेला, की ती पेटीपुढे बसू लागली. एखादी अळी जास्त टाकायची, सासरचं-माहेरचं सांगायची. मासाही तिचं बोट दिसलं, की काचेशी येऊन पिसारा फुलवायचा. काशीरामने बोट लावलं, तर पेटीतल्या पाणगवतात जाऊन बसायचा. होता होता ती संध्याकाळीही तिथून उठेना आणि चहा उशिरा यायला लागला. काशीराम मोरीपासून हाक मारायचा, पेटीपुढून "इलंय" म्हणून आवाज यायचा, पण चहा यायचा नाही.

एका संध्याकाळी काशीराम तोंड पाडून विमलाच्या दारात उभा राहिला. तुमच्या मुलुंडच्या भावाला माशाची पेटी हवी आहे का, त्याने विचारलं. काचा, जाळी, गप्पी, गोगलगाय, सगळं फुकट. आमच्या घरात त्या माशापायी माणसाला कोणी विचारत नाही.

विमलाने गंभीर चेहरा ठेवला. "भावाला विचारते. पण मासा कुठल्या रंगाचा, ते सांगावं लागेल."

"लालभडक," काशीराम म्हणाला.